बराखीतल्या कातीचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यात उन्हाळी कांदा काढून बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, भरला, की जुन्नर-आंबेगावचा शेतकरी बाजारभावाकडे डोळे लावून बसतो. भाव मनासारखा आला किंवा कांद्याला पाणी सुटू लागलं, की बराख फोडली जाते. वरचे थर उपसत तळाशी आलं, की कधीतरी बांबूच्या फटीत अडकलेली पातळ, पांढुरकी, चिमटीत धरताच चुरचुरणारी कात हाती लागते. कांदा निवडणाऱ्या बायका मागे सरतात. कुणी म्हणतं नागाची, कुणी म्हणतं धामणीची. मग एखादा जाणता निकाल देतो, "साप वर्साला येक कात टाकतो. ही औंदाची."

जाणत्याचा हा निकाल महाराष्ट्रात कुठेही ऐकायला मिळेल, पण तो खरा नाही. वयात आलेला साप वर्षाला तीन-चार वेळा कात टाकतो, तसा सात-आठ वेळाही टाकतो. वाढत्या वयाचं पिल्लू तर महिन्या-महिन्याला अंगरखा बदलतं. तोच साप एका वर्षी सहा काती टाकेल आणि दुष्काळी वर्षात, उंदीर-बेडूक मिळाले नाहीत तर, त्याच्या निम्म्यावर येईल. नागपंचमी, अमावास्या किंवा पहिला पाऊस असं काही सापाच्या वेळापत्रकात नसतं. त्याची कात ठरते ती वयावर, पोटात गेलेल्या भक्ष्यावर, उबेवर, हवेतल्या ओलीवर आणि अंगाला झालेल्या इजेवर.

डोळे निळे होतात तेव्हा

सापाच्या कातडीचा सर्वांत बाहेरचा थर केराटिनचा असतो. आपली नखं आणि केस ज्या प्रकारच्या प्रथिनाचे, त्याच प्रकारचं हे प्रथिन. हा थर मेलेल्या पेशींचा असल्यामुळे तो शरीराबरोबर वाढत नाही आणि दगड-मातीवर घासून झिजतोही. माणसाची कातडीही रोज झडत असते, पण कणाकणाने, म्हणून ती दिसत नाही. साप हे काम एकदम उरकतो. जुन्या थराखाली आधी संपूर्ण नवा थर तयार होतो, मग दोन्हींच्या मधला सांधा विरघळू लागतो आणि त्या फटीत पातळ द्रव झिरपतो.

ही तयारी बाहेरून ओळखता येते. सापाचा रंग मळकट होतो, चमक जाते, पोटाकडची बाजू किंचित गुलाबी दिसते. सर्वांत ठळक खूण डोळ्यांत. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला बसवलेला असतो आणि कातडीबरोबर तोही बदलायचा असतो. मधल्या द्रवामुळे हा खवला दुधाळ, निळसर होतो आणि सापाला धड दिसेनासं होतं. अशा वेळी तो बिळात किंवा अडचणीत दडून राहतो, खाणं टाळतो आणि कुणी जवळ गेलं तर नेहमीपेक्षा लवकर चिडतो. सर्पमित्र म्हणतात, साप कातीवर आलाय. जाणकार सर्पमित्र अशा सापाला गरजेपेक्षा जास्त हात लावत नाही. सापाला नीट दिसत नसतं आणि खालची नवी कातडी अजून नाजूक असते.

चार-सहा दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवख्या माणसाला वाटतं, कात टाकून झाली. खरी कात त्यानंतर काही दिवसांनी पडते. सुरुवातीपासून धरलं तर सगळ्या प्रकाराला एक ते दोन आठवडे लागतात. शेवटचा भाग मात्र झटपट होतो. साप ओठांच्या कडा दगडावर, काटकीवर किंवा बराखीच्या बांबूवर घासतो, तिथे कात सुटते आणि तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर पडतो. घाईत काढलेला पायमोजा जसा उलटा होतो, तशी ही कात आतली बाजू बाहेर होऊन मागे राहते. सगळं सुरळीत असेल तर तासाभरात काम होतं.

कात अशी उलटी होत निघत असल्यामुळे तिच्या तोंडाचा भाग साप जिथे घासला तिथे अडकून राहतो आणि शेपटीचं टोक साधारणपणे तो ज्या दिशेने गेला त्या दिशेला असतं. बराखीत किंवा गोठ्यात कात सापडली, तर ती उचलण्याआधी शेपटी कुठल्या भोकाकडे आहे एवढं बघून ठेवणं शहाणपणाचं.

वय, पोट आणि ओल

बहुतेक सापांची पिल्लं पहिली कात आठवड्या-दहा दिवसांची असतानाच टाकतात. आपल्याकडे नागाची आणि धामणीची अंडी उन्हाळ्यात घातली जातात आणि पिल्लं पावसाळ्याच्या आगेमागे बाहेर पडतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, तीही एका वेळी वीस-चाळीस. बेडूक, पाली, उंदरांची पिल्लं यांची रेलचेल असते तो हाच काळ. चांगलं खायला मिळालं की पिल्लू झपाट्याने वाढतं आणि काती एकामागून एक पडतात. पावसाळ्यात बांधावर, पाचटात, विहिरीच्या कठड्यात करंगळीएवढ्या बारीक काती सापडल्या, तर त्या बहुधा याच पिल्लांच्या.

सापाची वाढ आयुष्यभर पूर्णपणे कधीच थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणून म्हातारा सापही कात टाकतो, पण अंतर वाढत जातं. थंडीत शरीराचे सगळेच व्यवहार हळू होतात, तेव्हा कातही लांबते. थंडी सरून साप हिंडू-फिरू लागला, की अनेकदा पहिली कात पडते. अंडी घालण्याआधी बऱ्याच माद्या एक कात टाकतात, इतकी ठरलेली की साप पाळणारे तिच्यावरून अंड्यांचा दिवस मोजतात. अंगाला जखम, भाजणं किंवा गोचिडीसारखे परजीवी असले, तर काती लवकर-लवकर पडतात, कारण खराब झालेला थर फेकून देणं हाही कात टाकण्याचा एक उपयोग आहे. समुद्री साप याच कारणाने जमिनीवरच्या सापांपेक्षा जास्त वेळा कात टाकतात. अंगावर चढलेलं शेवाळ आणि शिंपले-किडे त्यांना झटकायचे असतात. उघड्या समुद्रात घासायला दगड नाही, तर पिवळ्या पोटाचा समुद्री साप स्वतःच्याच अंगाची गाठ मारून ती शरीरावरून सरकवतो आणि कात सोडवतो.

अमेरिकेतला खुळखुळ्या साप या हिशेबाचा एक मजेशीर पुरावा शेपटीवर घेऊन फिरतो. प्रत्येक कातीबरोबर त्याच्या खुळखुळ्याला एक कडी वाढते. कड्या मोजून सापाचं वय सांगण्याची तिकडे रीत होती. पण तो साप वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा कात टाकतो आणि टोकाच्या जुन्या कड्या तुटूनही पडतात, त्यामुळे तो हिशेब जुळत नाही. "वर्षाला एक" हा समज नुसता आपल्याकडचाच नाही.

ओलीचा प्रश्न जुन्नर-आंबेगावला विशेष लागू पडतो. या दोन तालुक्यांत अर्ध्या दिवसाच्या प्रवासात हवा बदलते. पश्चिमेला नाणेघाट आणि भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात भिंतीही ओल सोडत नाहीत. तिथल्या झुडपांत हिरवा चापडा राहतो, पालापाचोळ्याखाली मातीत खापरखवल्या. पूर्वेला नारायणगाव, मंचरच्या पुढे पाऊस झपाट्याने कमी होतो आणि उन्हाळ्यात हवा कोरडीठाक असते. कात एकसंध निघायला हवेत ओल लागते. हवा कोरडी असेल तर ती तुकड्या-तुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला कडं राहून जातं, डोळ्यावरचा जुना खवला चिकटून बसतो. रानातला साप यावर आपला उपाय शोधतो. कुकडीच्या आणि डिंभ्याच्या पाण्यावर वाढलेले उसाचे फड, ठिबकच्या नळीखालची ओली माती, पाण्याच्या हौदाची सावली ही त्याची ठिकाणं. उंदीर तर तिथे असतातच.

पाळलेल्या सापाची वही

पिंजऱ्यातल्या सापाला हौद शोधायला जाता येत नाही, म्हणून "किती वेळा?" हा प्रश्न खरा महत्त्वाचा होतो तो साप पाळणाऱ्यांसाठी. युरोप-अमेरिकेत घरोघरी पाळले जाणारे दोन साप म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक. पिल्लू असताना दोन्ही साप साधारण महिन्याला एक कात टाकतात. मोठेपणी कॉर्न स्नेक वर्षाला तीन-चार आणि बॉल पायथन पाच-सात वेळा. चांगला पाळणारा वही ठेवतो. खाणं कधी दिलं, वजन किती भरलं, कात कधी पडली आणि ती अखंड होती का, असे रकाने. अंतर थोडंफार मागेपुढे झालं तर चिंता नसते. पण मोठ्या सापाने अचानक भराभर काती टाकायला सुरुवात केली, तर परजीवी, भाजणं, कातडीचा संसर्ग किंवा थायरॉइडचा बिघाड तपासावा लागतो. कात तुकड्यांत निघाली, तर पहिला संशय कोरड्या हवेवर. उपाय साधा आहे: अंग मावेल असं पाण्याचं भांडं, ओलं शेवाळ घातलेली एखादी बंद डबी आणि अंग घासायला खडबडीत दगड किंवा ओंडका. चिकटलेली कात, त्यातही डोळ्यावरचा खवला, नखाने ओढून काढायची नाही. खालचा डोळा कायमचा जाऊ शकतो. ते काम प्राण्यांच्या डॉक्टरचं.

ही वही नारायणगावात किंवा घोडेगावात कुणी नागासाठी मांडू म्हणेल, तर त्याला आधी वनखात्याला तोंड द्यावं लागेल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग, धामण, अजगर यांसारखे आपले साप पकडून पाळणं हा गुन्हा आहे. परदेशी सापांचाही मोकळा कारभार आता राहिलेला नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वतःहून जाहीर करायला सांगितलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियमच काढले. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत असल्याने त्याची नोंदणी परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, साप मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं.

एकेकाळी गावोगाव फिरणाऱ्या गारुड्यांच्या टोपलीतले नाग हेही एका अर्थाने पाळलेलेच साप. दात उपटलेले, तोंडात जखम झालेली, पाणी नाही, खाणं नाही. दूध हा सापाचा आहारच नाही. अशा सापाची कात नीट पडणार कशी? ती फाटून अंगाला चिकटायची आणि बरेच नाग काही आठवड्यांत, महिन्यांत मरायचे. कातीवरून सापाची तब्येत कळते ती अशी.

जवळून साप बघायचा तर जुन्नरकराला पुण्याचं कात्रज आहे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये तिथे सर्पोद्यान उभं राहिलं आणि पुढे ते राजीव गांधी प्राणी संग्रहालयाचा भाग झालं. शाळेच्या सहलीतून पोरं तिथे जातात आणि काचेआड निळसर डोळ्यांचा, हालचाल न करणारा साप बघून आजारी आहे का म्हणून विचारतात. पुष्कळदा तो फक्त कातीवर आलेला असतो.

कात वाचायची कशी?

आता पुन्हा बराखीतली कात हातात घ्यायची. तिच्यात विष नसतं, ती टोचत नाही. मात्र सापाच्या अंगावर पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात, म्हणून हात साबणाने धुवावेत. कोरडी कात पाण्याच्या पातेल्यात थोडी भिजवली, की मऊ होते आणि न फाटता पसरता येते.

लांबी मोजली तर थोडी वजाबाकी करावी. ओली असताना कात ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा हमखास लांब भरते. सहा फुटी कात दाखवून सहा फुटी नागाच्या गोष्टी सांगितल्या जातात, तेव्हा आतला साप पाच फुटी असण्याची शक्यता जास्त. रंगावरही जाऊ नये. नक्षीची फिकट छाया राहते, पण काळा काय आणि तपकिरी काय, कात पांढुरकीच दिसते.

खरी माहिती खवल्यांत असते. सापाच्या खवल्यांची संख्या जन्मतःच ठरलेली असते, मोठा होताना खवले आकाराने वाढतात, संख्येने नाही. त्यामुळे वीतभर पिल्लाच्या कातीवरूनही जात ओळखता येते. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध उभी धार असेल, कात बोटाला खरखरीत लागत असेल आणि डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले असतील, तर घोणस असण्याची शंका घ्यावी. पाठीच्या मधोमध शेपटीपर्यंत षटकोनी, बाजूच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची एक रांग असेल आणि शेपटीखालचे खवले अखंड असतील, तर ती मण्यार. तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या घरात सर्रास सापडतो, पण त्याच्या पाठीवर ती मोठ्या खवल्यांची रांग नसते आणि शेपटीखालचे खवले दुभागलेले असतात. नागाच्या कातीत वरच्या ओठाचा तिसरा खवला नाकपुडी आणि डोळा दोघांनाही टेकलेला असतो. कात कुठल्याही सापाची असो, डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक भिंगं दिसली पाहिजेत. ती असली, तर साप सुटला तो पूर्णपणे सुटला.

तज्ज्ञांसाठी कातीत याहूनही पुष्कळ असतं. तिच्यातून सापाचा डीएनए मिळतो, म्हणजे साप न पकडता, न दुखवता त्याचा अभ्यास करता येतो. तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेत, जिथे प्रतिविषासाठी सापांचं विष काढलं जातं, तिथे साप रानात सोडताना पोटाच्या खवल्यांवर बारीक खूण करतात. तोच साप लगेच पुन्हा पकडून आणला, तर खुणेवरून ओळखू येतो. काही काती पडल्यावर ती खूण पुसट होते.

पक्ष्यांनाही कातीचा उपयोग ठाऊक आहे. आपली साळुंकी घरट्यात चिंध्या-कागदांबरोबर सापाची कातही नेऊन ठेवते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही घरट्यांत मुद्दाम काती ठेवल्या, तर अंडी खाणाऱ्या उडत्या खारींनी त्या घरट्यांना हात लावला नाही.

कात सापडल्यानंतर

कात म्हणजे साप आत्ता इथे आहे, असं नाही. कात टाकून साप पुढे निघून जातो, परत त्याच जागी येईलच असंही नाही. मऊ, दमट, लवचिक कात एक-दोन दिवसांची. कडक, धुळकट, मुंग्यांनी कुरतडलेली असेल तर आठवड्यांची किंवा महिन्यांची. पण साप तिथे आला होता याचा अर्थ त्याला काहीतरी मिळत होतं: उंदीर, आडोसा किंवा ओल. या तिन्हींपैकी जे कमी करता येईल, ते करावं. सांडलेलं धान्य, भिंतीला लागून रचलेला विटांचा ढीग, घराला चिकटलेली कडब्याची गंज ही पहिली कामं.

मण्यारीची कात घरात सापडली, तर मात्र त्याच रात्रीपासून जमिनीवर झोपणं बंद. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा स्वस्तातला उपाय. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे पावसाळ्यातले.

साप चावल्यावर काय करायचं, हे नारायणगावला डॉ. सदानंद राऊत तीन दशकांहून अधिक काळ सांगत आले आहेत. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या हजारो सर्पदंशाच्या रुग्णांवर त्यांच्या दवाखान्यात उपचार झाले आणि सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये, हे ध्येय ठेवून त्यांनी गावोगावी, शाळाशाळांत प्रबोधन केलं. सांगणं अगदी थोडक्यात: मांत्रिकाकडे जायचं नाही, जखम कापायची-चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही, हातपाय हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप ओळखण्यात किंवा मारून सोबत नेण्यात वेळ घालवायची गरज नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८.

साप घरात दिसत असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, तिथून बचाव पथकाशी किंवा सर्पमित्राशी गाठ घालून दिली जाते. नुसती कात सापडली असेल, तर तिच्याशेजारी मोजपट्टी ठेवून तीन फोटो काढावेत: डोक्याचा बाजूने, पाठीच्या मधल्या भागाचा आणि शेपटीच्या खालच्या बाजूचा. जाणकार सर्पमित्राला साप कोणता हे सांगायला बहुधा एवढे फोटो पुरतात.